अडगळीतला कॉम्प्युटर आणि अनेक हातांची वही

दोन वर्षांपूर्वी उन्हाळ्याच्या सुट्टीत आमच्या उर्दू हायस्कूलची अडगळीची खोली रिकामी करायचे काम निघाले. मोडकी बाके, फाटके नकाशे, जुनी हजेरीपत्रके बाहेर निघत गेली आणि सगळ्यात खाली, गोणपाटात गुंडाळलेली मळकट पांढऱ्या रंगाची एक पेटी सापडली. तिच्यावर काळी बटणे होती आणि त्यांच्या वर तांबड्या बटणांची एक रांग. मदतीला आलेल्या आठवीच्या मुलींना आधी तो टाइपरायटर वाटला. मग एकीने विचारले, "सर, हा कॉम्प्युटर असेल तर याचा सीपीयू कुठाय?"

आम्हाला उत्तर देता आले नाही. आम्ही उर्दू आणि मराठी शिकवणारी माणसे. कॉम्प्युटरशी आमचा संबंध निकालपत्रकापुरता. "वीज लावून बघू या," असे म्हणून आम्ही प्लग शोधू लागलो, तेव्हा शाळेचे जुने शिपाई, ज्यांना सगळे मामू म्हणतात, ते पुढे आले. "सर, नका लावू. कैक वर्षं बंद आहे ते. बडे सर असते तर त्यांनी सांगितलं असतं."

बडे सर म्हणजे आमच्या शाळेचे विज्ञानाचे जुने शिक्षक. 1980च्या दशकात शाळेतून कॉम्प्युटरच्या ट्रेनिंगला तेच गेले होते. त्यांचा इंतिकाल होऊन तेव्हा आठ महिने झाले होते. निवृत्तीनंतर ते आम्हाला दर जुम्याला मशिदीच्या दारात भेटत. तब्येत, पाऊस, मुलांचे निकाल, सगळे बोलणे होई. या पेटीबद्दल मात्र आम्ही एकदाही विचारले नव्हते. ती शाळेत आहे हेच आम्हाला ठाऊक नव्हते.

त्या संध्याकाळी आम्ही त्यांच्या घरी गेलो. खालांनी चहा दिला आणि आमचे ऐकून घेतले. मग म्हणाल्या, "त्यांच्या वह्या होत्या ना, बेटा. दोन थप्प्या होत्या. ईदच्या साफसफाईत रद्दीवाल्याला दिल्या. कोणाला लागतील असं वाटलंच नाही."

चूक खालांची नव्हती. त्या वह्या लागतील असे आमच्यापैकी कोणी त्यांना सांगितले नव्हते. आठ महिने आधी उठून गेलो असतो तर वह्याही मिळाल्या असत्या आणि वह्या लिहिणारे सरही.

"आधी वीज लावू नका"

घरी येऊन आम्ही पेटीवरचे 'युनिकॉर्न' हे नाव इंटरनेटवर शोधले. तासाभरात कळले, की हा मूळचा इंग्लंडचा 'बीबीसी मायक्रो' नावाचा कॉम्प्युटर आहे. त्याला वेगळा सीपीयू नसतो. सगळे यंत्र बटणांच्या त्या पेटीतच असते. आठवीच्या मुलीला द्यायचे उत्तर मिळाले.

त्याहून महत्त्वाची गोष्ट पुढे होती. अशा जुन्या कॉम्प्युटरांचे शौकीन अनेक देशांत आहेत. कोणी निवृत्त इंजिनिअर, कोणी शिक्षक, कोणी कॉलेजचा विद्यार्थी. त्यांनी या यंत्रांची माहिती एका ठिकाणी, सगळ्यांना वाचता येईल आणि सुधारता येईल अशी लिहून ठेवली आहे. एकाने सर्किट डायग्राम ठेवला, दुसऱ्याने मॅन्युअलची पाने स्कॅन केली, तिसऱ्याने आपल्या यंत्रात काय बिघडले आणि ते कसे दुरुस्त झाले ते लिहिले. यांतले बरेच जण एकमेकांना कधी भेटलेलेही नाहीत.

बीबीसी मायक्रोच्या दुरुस्तीत त्यांचा पहिलाच सल्ला असा, की वर्षानुवर्षे बंद असलेले यंत्र तसेच वीज लावून सुरू करू नका. त्याच्या पॉवर सप्लायमध्ये विजेतला खरखराट गाळणारे कॅपॅसिटर असतात. त्यांच्या आत कागदाचे थर असतात आणि बाहेर पारदर्शक प्लास्टिकसारखे आवरण. काळ लोटला की आवरणाला बारीक भेगा पडतात, आत दमट हवा शिरते आणि वीज मिळताच कॅपॅसिटर फुटून खोलीभर उग्र वासाचा धूर होतो. म्हणून आधी ते बदलून घ्यावेत. झाकण उघडायचे कोणते स्क्रू काढायचे तेही लिहिले होते: ज्यांच्याजवळ 'फिक्स' हा शब्द छापला आहे, तेवढेच चार.

बाजारपेठेत रेडिओ-टीव्ही दुरुस्त करणारे एक जुने कारागीर आहेत. आम्ही त्यांना उस्तादच म्हणतो. पेटी त्यांच्याकडे नेली आणि मोबाइलवर ते पान दाखवले. उस्तादांनी चष्मा वर करून पिवळट कॅपॅसिटर उजेडात धरला. केसासारख्या भेगा स्पष्ट दिसत होत्या. "ज्यानं हे लिहिलंय त्याला दुआ द्या, सर," ते म्हणाले. "हे लावलं असतं तर शाळेत बंबच बोलवावा लागला असता."

कॅपॅसिटर बदलले, उस्तादांच्या दुकानातला जुना डब्बा टीव्ही जोडला. आधी एक जाड सूर आणि लगेच एक बारीक सूर असा बीप झाला आणि काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरे उमटली: 'बीबीसी कॉम्प्युटर 32के'. मामू सोबत होते. ते हळूच म्हणाले, "हाच आवाज. बडे सर वर्गात आले की हाच आवाज यायचा."

हे यंत्र आपल्याकडे कसे आले?

1980च्या सुमारास ब्रिटनच्या बीबीसीने सर्वसामान्य लोकांना कॉम्प्युटर शिकवण्याची मोहीम आखली. टीव्हीवर धडे दाखवायचे तर लोकांच्या हातात एक यंत्रही हवे. ते बनवण्याचे काम केंब्रिजच्या एकॉर्न या छोट्या कंपनीला मिळाले. सोफी विल्सन आणि स्टीव्ह फर्बर हे त्या यंत्राचे दोन प्रमुख रचनाकार. 1981च्या अखेरीस बीबीसी मायक्रो जाहीर झाला आणि पुढच्या काही वर्षांत तो ब्रिटनमधल्या बहुतेक शाळांत पोहोचला. त्याची मेमरी फक्त 32 किलोबाइट. आज मोबाइलवर येणारा 'सुप्रभात'चा एक फोटोही एवढ्या जागेत मावणार नाही.

भारत सरकारने 1984-85 साली शाळांमध्ये कॉम्प्युटर साक्षरतेचा 'क्लास' नावाचा प्रकल्प सुरू केला. सुमारे 250 शाळांपासून सुरुवात झाली आणि पुढे संख्या वाढत गेली. त्यासाठी निवडला गेला तो हाच बीबीसी मायक्रो. मोहालीच्या सेमीकंडक्टर कॉम्प्लेक्स लिमिटेड या सरकारी कंपनीने तो 'युनिकॉर्न' या नावाने आणला. शाळाशाळांतून शिक्षकांना बोलावून ट्रेनिंग दिले गेले. आमचे बडे सर त्यांच्यापैकीच एक.

गंमत अशी, की हे यंत्र पुरते मेलेलेही नाही. ते बनवणाऱ्या विल्सन आणि फर्बर यांनीच पुढे एकॉर्नमध्ये 'आर्म' नावाच्या नव्या प्रोसेसरची रचना केली. त्याची पहिली चिप 1985 साली चालली. आज आपल्या खिशातल्या जवळजवळ प्रत्येक मोबाइलचा प्रोसेसर त्याच घराण्यातला आहे. वर्गात हे सांगितले तेव्हा मुलांनी आपापल्या अब्बांच्या मोबाइलकडे नव्या नजरेने पाहिले असेल.

दहा लाख लोकांनी लिहिले आणि वाचता येईना

याच बीबीसी मायक्रोच्या काळात एक घटना घडली. ज्यांना 'एकदा कॉम्प्युटरवर चढवले की काम झाले' असे वाटते, त्यांनी ती जरूर वाचावी.

1086 साली इंग्लंडचा राजा पहिला विल्यम याने आपल्या राज्यातली जमीन, जनावरे, गिरण्या, माणसे यांची मोजदाद करून घेतली. चामड्याच्या पानांवर लिहिलेला तो दस्तऐवज 'डूम्सडे बुक' म्हणून ओळखला जातो. 900 वर्षांनी, 1986 साली, बीबीसीने त्याच धर्तीवर नवी मोजदाद केली. या वेळी लिहिणारी होती मुख्यतः शाळकरी मुले. ब्रिटनचे 4 किलोमीटर बाय 3 किलोमीटरचे तुकडे पाडले. प्रत्येक तुकड्यासाठी जास्तीत जास्त 3 फोटो आणि 20 पाने मजकूर. मुलांनी आपल्या गावातली दुकाने, शेते, खेळ, रोजचे जगणे लिहून काढले. दहा लाखांहून अधिक लोकांचा हातभार लागला. अनेक हातांनी मिळून बांधलेला हा एक प्रचंड माहितीकोश होता.

तो उतरवला गेला दोन लेसर डिस्कवर. त्या वाचायला खास प्लेअर लागे आणि त्याला बीबीसी मायक्रोच्याच कुटुंबातला मोठा कॉम्प्युटर जोडावा लागे. सगळा संच इतका महाग, की ज्या शाळांतल्या मुलांनी मजकूर लिहिला त्यांतल्या अनेक शाळांना तो घेता आला नाही. पंधरा वर्षे गेली. ते प्लेअर बनायचे बंद झाले, होते ते बिघडू लागले. 1086चे चामड्याचे पुस्तक लंडनमध्ये खुशाल वाचता येत होते आणि 1986च्या डिस्क मात्र मुक्या होऊ लागल्या होत्या.

2002च्या सुमारास लीड्स आणि मिशिगन या दोन विद्यापीठांच्या संशोधकांनी जुन्या यंत्राची नक्कल करणारे सॉफ्टवेअर बनवून तो मजकूर पुन्हा वाचून दाखवला. अशा सॉफ्टवेअरला एम्युलेटर म्हणतात. म्हणजे नव्या कॉम्प्युटरने जुन्याचे सोंग घ्यायचे आणि जुना प्रोग्रॅम त्याला खरे मानून चालायचा. 2011 साली बीबीसीने मुलांचा मजकूर इंटरनेटवर ठेवला. 2018 साली ते पानही बंद झाले. त्याची प्रत ब्रिटनच्या राष्ट्रीय अभिलेखागाराने जपून ठेवली आहे. दरम्यान शौकीन मंडळींनी 'डूम्सडे डुप्लिकेटर' नावाचे एक उपकरण तयार केले. डिस्कवरून येणारा कच्चा सिग्नल ते जसाच्या तसा टिपून घेते आणि त्याचा अर्थ नंतर सॉफ्टवेअरने लावता येतो. या उपकरणाचा आराखडा त्यांनी कोणालाही वापरता येईल असा खुला ठेवला.

मुलांनी लिहिलेले टिकावे म्हणून त्या यंत्राची माहितीही कोणीतरी लिहून ठेवलेली असावी लागली. नुसती वही पुरली नाही, ती उघडायची रीतही जपावी लागली.

जळालेले नकाशे, उरलेली माणसे

दुसऱ्या महायुद्धात जर्मन सैन्याचे गुप्त संदेश उलगडण्यासाठी इंग्लंडमधल्या ब्लेचली पार्क येथे 'कोलोसस' नावाचे अवाढव्य इलेक्ट्रॉनिक यंत्र 1944 साली कामाला लागले. टॉमी फ्लॉवर्स या पोस्ट खात्याच्या इंजिनिअरने ते बनवले होते. युद्ध संपल्यावर गुप्ततेसाठी बहुतेक यंत्रे मोडून टाकली गेली आणि नकाशे जाळण्याचा हुकूम सुटला.

1993 साली टोनी सेल यांनी कोलोसस पुन्हा उभारायचे ठरवले. हाती काय होते? युद्धकाळातले आठ फोटो आणि काही इंजिनिअरांनी नियम मोडून स्वतःजवळ ठेवलेली सर्किटची थोडी कागदे. उरलेली माहिती होती म्हाताऱ्या झालेल्या इंजिनिअरांच्या डोक्यात. सेल त्यांच्याकडे गेले, विचारले, लिहून घेतले. एकाला तारा आठवत होत्या, दुसऱ्याला दिव्यांचा क्रम. तुकडे जुळत गेले आणि यंत्र पुन्हा चालू लागले. त्यांनी आणखी दहा वर्षे उशीर केला असता तर विचारायला कितीजण उरले असते?

हे वाचताना आम्हाला मशिदीच्या दारातले बडे सर आठवत राहिले.

अशी वही बांधतात तरी कशी?

अनेकांनी मिळून लिहायच्या अशा ऑनलाइन वहीला 'विकी' म्हणतात. हा हवाईयन भाषेतला शब्द, अर्थ 'झटपट'. वॉर्ड कनिंगहॅम या अमेरिकन प्रोग्रॅमरने 1995 साली अशी पहिली वही सुरू केली आणि होनोलुलूच्या विमानतळावरच्या बसचे हे नाव तिला दिले. 2001 साली सुरू झालेला विकिपीडिया याच रीतीचा. त्याचे सॉफ्टवेअर मोफत आहे. कोणतीही शाळा, मंडळ किंवा मित्रांचा गट ते वापरून आपली वही सुरू करू शकतो. पण सॉफ्टवेअर हा सोपा भाग झाला. वही टिकते ती शिस्तीवर. या मंडळींकडून आम्ही जे शिकलो ते असे:

एका यंत्राला एक पान, आणि प्रत्येक पानाची मांडणी सारखी. नाव आणि मॉडेल, कोणी बनवले, कधी, आत काय आहे, कोणकोणते बिघाड होतात, कोणती पुस्तके मिळतात. मांडणी सारखी असली की काय लिहायचे राहिले ते लगेच दिसते.

धोक्याची सूचना सगळ्यात वर. पॉवर सप्लाय, जुना टीव्ही उघडताना बसू शकणारा विजेचा झटका, हे इतिहासाच्या आधी आले पाहिजे. वाचणारा घाईत असतो, आम्हीही होतो.

प्रत्येक वाक्याला त्याचा आधार. हे मी स्वतः पाहिले, हे छापील पुस्तकात वाचले, हे अमुक माणसाने मला सांगितले. तिन्ही वेगवेगळे लिहायचे. कोणी सांगितले आणि त्याला कोणाकडून कळले, ही विचारणा आपल्या घरांना परकी नाही. सनद नसलेल्या गोष्टीला किती वजन द्यायचे, हे आपल्याकडे मदरशातले लहान मूलही शिकते.

खोडायचे नाही, चर्चा करायची. विकीत प्रत्येक बदलाची नोंद राहते. कोणी, कधी, काय बदलले ते मागे जाऊन पाहता येते. मतभेद असेल तर पानाच्या मागे चर्चेची जागा असते. तिथे फोटो दाखवावा, पुरावा द्यावा. दोन माणसे वेगळे सांगत असतील तर कधी दोघेही खरे असतात, कारण एकाच यंत्राच्या आतल्या पट्टीच्या अनेक आवृत्त्या निघालेल्या असतात. म्हणून पट्टीवर छापलेला क्रमांक फोटोत यावा.

हक्काचा विचार. जुने पुस्तक म्हणजे बेवारस पुस्तक नव्हे. आपल्या देशात लेखकाच्या मृत्यूनंतर 60 वर्षे त्याच्या पुस्तकावर हक्क राहतो. जिथे परवानगी नाही तिथे माहिती आपल्या शब्दांत लिहावी, आणि घरगुती कागद असतील तर घरच्यांना विचारावे.

प्रती अनेक. ज्याच्या खर्चाने पान चालते त्याला काही झाले तर? म्हणून सगळ्या मजकुराची प्रत अधूनमधून दुसऱ्यांच्या कॉम्प्युटरवर, दुसऱ्या गावी, दुसऱ्या देशात ठेवली जाते. अमेरिकेत 1996 साली ब्रूस्टर काल यांनी सुरू केलेल्या इंटरनेट आर्काइव्हसारख्या संस्थाही अशा प्रती सांभाळतात. ठेवताना साध्या मजकुराची फाइल ठेवावी. जी फाइल एकाच कंपनीच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडते ती उद्याची लेसर डिस्क ठरू शकते.

आणि शेवटचे, लहान नोंदीला कमी लेखायचे नाही. 'हा स्क्रू काढू नका' एवढेच लिहिणाऱ्याने आमची शाळा धुरापासून वाचवली.

आपल्या भाषांचे काय?

या वह्यांमध्ये इंग्लंड-अमेरिकेची यंत्रे भरपूर. भारतातल्या शाळांच्या युनिकॉर्नबद्दल आम्हाला जेमतेम दोन-चार ओळी सापडल्या. दोष त्यांचा कसा म्हणायचा? आमच्या शाळेत काय घडले ते इंग्लंडच्या माणसाने कसे लिहावे?

आपल्याकडे लिहिण्यासारखे कमी नाही. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत व्हॅक्यूम ट्यूबवर चालणारा कॉम्प्युटर 1960 साली तयार झाला. 1962 साली पंडित नेहरूंनी त्याला 'टिफ्रॅक' हे नाव दिले. पुण्याच्या सी-डॅकने 1991 साली 'परम 8000' हा महासंगणक उभा केला. भारतीय लिप्या कॉम्प्युटरवर आणण्याचे जिस्ट तंत्रज्ञान आयआयटी कानपूरमध्ये सुरू होऊन सी-डॅकमध्येच वाढले. उर्दूचे तर नवलच होते. वर्तमानपत्रे कातिब हाताने लिहीत, तिथे 1981 साली मिर्झा अहमद जमील यांच्या लिखाणावरून 'नूरी नस्तालीक' कॉम्प्युटरवर आली. हजारो जोडआकार हाताने लिहून तयार केले गेले होते.

युनिकोड सर्रास होण्याआधी मराठी-उर्दूत टाइप झालेला मजकूर आज अनेकांच्या घरी, छापखान्यांत आणि मंडळांच्या कपाटांत अडकून पडला आहे. प्रत्येक फॉन्टचे संकेत वेगळे. तो फॉन्ट नसेल तर मराठी कविता उघडल्यावर रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा भुगा दिसतो. कोणता फॉन्ट, कोणते सॉफ्टवेअर, कोणत्या कॉम्प्युटरवर चालायचे, हे त्या वेळचे टायपिस्ट आणि छापखानेवाले अजून सांगू शकतात. ते आज साठी-सत्तरीत आहेत.

कॅसेट

पेटी चालू झाल्याचे सांगायला आम्ही पुन्हा खालांकडे गेलो. त्या खूश झाल्या. निघताना सहज विचारले, सरांचे आणखी काही आहे का? त्यांनी कपाटावरून बिस्किटांचा पत्र्याचा डबा काढला. आत कॅसेट होत्या. "या तिलावत आणि नातच्या आहेत बेटा, म्हणून टाकल्या नाहीत. पण दोन-तीन वाजवल्या तर नुसती किर्रर्र होते. खराब झाल्या असतील."

आम्ही त्या तीन कॅसेट हातात घेतल्या. एकीवर सरांच्या अक्षरात उर्दूत लिहिले होते, 'पहाडे'.

बीबीसी मायक्रो साध्या टेपरेकॉर्डरच्या कॅसेटवर प्रोग्रॅम साठवतो, हे आम्ही त्या वहीत वाचले होते. शून्यासाठी एक सूर, एकसाठी दुप्पट उंचीचा सूर; वाजवले की कानाला किर्रर्र ऐकू येते. कॅसेट खराब नव्हती, ती बोलत होती. तिची भाषा आपल्याला येत नव्हती. पुढची रीतही तिथेच लिहिलेली होती. जुन्या टेपरेकॉर्डरमधून कॅसेट एकदाच वाजवा, तो आवाज लॅपटॉपवर रेकॉर्ड करा, मग शौकिनांनी बनवलेल्या मोफत प्रोग्रॅमने त्या आवाजातून मूळ फाइल काढा. पुन्हा पुन्हा वाजवू नका, फीत झिजते.

दोन कॅसेट नाहीच वाचल्या गेल्या. बुरशी लागली होती. तिसरी, पहाड्यांची, वाचली गेली. शाळेच्या लॅपटॉपवर एम्युलेटरमध्ये ती चढवली तेव्हा आठवीच्या त्या मुली होत्या, मामू होते आणि खालांना त्यांच्या नातवाने रिक्षाने आणले होते. पडद्यावर प्रश्न आला, सात गुणिले आठ. एका मुलीने 56 टाइप केले. रोमन अक्षरांत शब्द उमटला, 'शाबाश', आणि एक छोटा बीप झाला. मग मुद्दाम चूक उत्तर दिले. उत्तर आले, 'फिर कोशिश करो'.

खाला खुर्चीच्या कडेवर पुढे सरकून बसल्या होत्या. म्हणाल्या, "अगदी अस्संच म्हणायचे. कधी कोणाला चूक म्हणाले नाहीत."

प्रोग्रॅमच्या पहिल्या ओळीत सरांचे नाव होते आणि 1989 हे साल. ती फाइल आम्ही खालांच्या परवानगीने त्या सामायिक वहीत ठेवली. सोबत मामूंनी सांगितलेल्या आठवणी लिहिल्या: कॉम्प्युटर कोणत्या खोलीत होता, आठवड्यातून किती तास चाले, वीज गेली की मुले कशी ओरडत. खाली लिहिले, 'शाळेच्या शिपायांनी सांगितले, आम्ही स्वतः ऐकून उतरवले'. काही दिवसांनी ब्रिटनमधल्या कोणा अनोळखी माणसाने त्या पानावरची आमची एक तांत्रिक चूक दुरुस्त केली आणि चर्चेत विचारले, की 'शाबाश' म्हणजे काय? आम्ही अर्थ लिहिला.

दोन थप्प्या वह्यांत काय होते ते आता कधीच कळणार नाही. ट्रेनिंगमध्ये काय शिकवले, उर्दू माध्यमाच्या मुलांना सरांनी हे इंग्रजी यंत्र कसे समजावले, कोणत्या अडचणी आल्या, हे सगळे गेले. एक कॅसेट ती जागा भरून काढत नाही.

म्हणून वाचकांना एक विनंती. आपल्या घरात, मोहल्ल्यात, शाळेत असे कोणी असेल: जुने टायपिस्ट, टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले चाचा, छापखान्यात जुळारी असलेले नाना, पहिल्या कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवलेल्या आपा. या आठवड्यात त्यांच्याकडे जा. एक वही आणि मोबाइलचा रेकॉर्डर सोबत न्या. त्यांची इजाजत घ्या, मग विचारा: कोणते यंत्र होते, कसे चालायचे, बिघडले की काय करायचे. उत्तरावर तारीख आणि नाव लिहा. इंटरनेटवर ठेवायचे की नाही ते नंतर ठरवता येईल. आणि ईदची साफसफाई निघाली की रद्दीवाल्याला हाक मारण्याआधी वहीचे पहिले पान एकदा उघडून पाहा.